तारेपाशी वाईट बोलू नये

कॅनडा छावणी, रफाह (इजिप्तची बाजू)
१४ मार्च १९८६

नाफिझ,

सलाम. शेजारच्या उम्म गालिबला भावाच्या मयतीसाठी पलीकडे यायचा परवाना मिळालाय. तिच्या ओढणीच्या टोकाला हे पत्र बांधून देते आहे. पत्र बघून घाबरू नकोस, इकडे सगळे जिवंत आहेत. पत्र म्हटलं की तू वाईटच धरून चालतोस हे मला माहीत आहे, मीही तेच धरते. पण मला जे विचारायचंय ते सरहद्दीच्या तारेपाशी सगळ्या गावासमोर ओरडून विचारता येत नाही.

काल आईने माझ्याकडे पाठ का फिरवली?

मी दुपारची नमाज झाल्या झाल्या येऊन उभी राहिले होते. तू तिची चाकांची खुर्ची ढकलत आणलीस. मी ओरडले, "यम्मा, लबीब पास झाला!" तिने माझ्याकडे बघितलं. नीट बघितलं, उगाच सांगू नकोस. मग तुझ्या हाताला धरून काहीतरी बोलली आणि तू खुर्ची वळवलीस. माझ्या लबीबच्या परीक्षेचं कौतुक मी तिच्या पाठीला सांगत बसले. आणि तू काय ओरडलास, तर "ऊन लागतंय तिला!" मेल्या, काल दिवसभर आभाळ भरलेलं होतं. मधे दोन कुंपणं आणि जीपचा रस्ता आहे म्हणून काय मला ढग दिसत नाहीत?

मला कळतं रे. तारेपाशी वाईट बोलू नये. अबू सुहैलला त्याचा बाप गेल्याचं पलीकडून ओरडून सांगितलं आणि तो काट्यांवर चढायला धावला, हातांच्या चिंध्या झाल्या, चौघांनी ओढून खाली काढलं म्हणून जीप यायच्या आत वाचला. तेव्हापासून तारेपाशी लग्नं सांगायची, बाळंतपणं सांगायची, आणि वाईट ते पत्रातून. नियम चांगला आहे. पण म्हणून तुझ्या बायकोला, सुबहिय्याला ताप असताना "मजेत आहे" आणि आईने तोंड फिरवलं तर "ऊन"! तुझ्या चांगल्या बातम्यांवर माझा आता काडीचा विश्वास राहिलेला नाही.

आईला काय झालंय? खरं लिही. आणि तुझ्या बायकोला सांग, तिची निळी ओढणी लांबून फार छान दिसते.

तुझी बहीण,
इन्शिराह


रफाह (गाझाची बाजू), यिब्नावाल्यांची गल्ली
२ मे १९८६

ताई,

ऊन नव्हतं. हरलो. तुझी नजर अजून घारीची आहे.

आता वाईट ऐक. आईचं डोकं जागेवर राहिलेलं नाही. हिवाळ्यापासून सुरू झालं. सुबहिय्याला ती आपल्या मेलेल्या मावशीच्या नावाने हाक मारते. परवा मला म्हणाली, "नाफिझ, कोंबड्यांचं खुराडं लावलंस का? यिब्नाला कोल्हे फार." ज्या गावातून आपल्याला पळवून लावलं त्याला अडतीस वर्षं झाली, मी तर तिथे जन्मलोही नाही, पण म्हटलं, "लावलं, यम्मा." तिला बरं वाटलं. असं चालतं. आम्हाला सवय झाली आहे, पोरं तर हसतात.

पण तुझी गोष्ट ती विसरलेली नाही. नेमकी तीच विसरलेली नाही. तुम्ही दोघी म्हणजे, काय बोलावं, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

तार लागली त्याच्या आदल्या हिवाळ्यातलं आठवतं ना? तू नव्या घरात राहायला गेलीस, आईला जेवायला बोलावलंस. ती तुझ्या उंबऱ्यापर्यंत आली आणि पाणीही प्यायली नाही. तिचं एकच, "हे घर घेतलंस म्हणजे परत जायचं सोडलंस, यिब्ना विकलंस." इस्रायली लष्कराने तुमची गल्ली पाडली, तुझ्या नवऱ्याला, हमदानला, त्या नव्या छावणीत घर दिलं, चार लेकरं घेऊन तो काय वाळूत झोपला असता? पण तिला कोण समजावणार. आणि तूही काही कमी नाहीस. भर गल्लीत म्हणालीस, "माझ्या घरचं पाणी पिशील तेव्हाच मी तुझा उंबरा ओलांडीन." दोन महिन्यांनी वसंतात सरहद्द आखली, ती बरोबर आपल्या मधून. तुम्ही इजिप्तच्या बाजूला राहिलात, अधिकारी म्हणाले सहा महिन्यांत परत आणू.

तर आईच्या डोक्यात सरहद्द नाहीच. ती तुला रोज हाकेच्या अंतरावर बघते आणि म्हणते, "ती बघ उभी आहे. घर दिसतंय, आई दिसतेय, आणि पाऊल टाकत नाही. शब्द पाळतेय माझी लेक!" मी सांगतो, यम्मा, मधे तार आहे. तर म्हणते, "तार कोंबड्यांसाठी असते."

मी हात टेकले. त्या दिवशी ती म्हणाली, "फिरव मला. तिची मान मोडेपर्यंत उभी राहू दे." आणि घरी आल्यावर सुबहिय्याला म्हणाली, "मी मेले तरी हिला माझी दुवा नाही." लिहू नये असं वाटत होतं. पण खरं लिही म्हणालीस.

मी तुझ्या परवान्यासाठी मुख्तारकडे, आपल्या लोकांच्या कारभाऱ्याकडे, खेटे घालतो आहे. तू एकदा घरात येऊन तिच्या समोर बसलीस की विषय संपेल.

नाफिझ


कॅनडा छावणी
२० ऑगस्ट १९८६

नाफिझ,

तुझं पत्र मी चुलीपाशी बसून वाचलं आणि भाजी करपवली. हमदान निमूट करपलेली खाऊन उठला. मी रडत असले की तो जेवणाला नावं ठेवत नाही, एरवी मिठावरून व्याख्यान देतो.

"मेले तरी दुवा नाही." हे ती शुद्धीत असताना बोलली असती तर मी भांडले असते. वेड्या माणसाशी कुठे भांडू? हमदान म्हणतो, आजाऱ्याचा शब्द अल्ला धरत नाही. त्याला काय कळतंय. त्याची आई त्याला दुवा देत देत गेली. आपल्याकडे म्हातारी माणसं काय सांगायची ते विसरलास का? आईचा राग घेऊन ज्याला पुरतात त्याला माती दाबते. लहानपणी मी हे ऐकून रात्रभर आईच्या कुशीत शिरून बसायचे. आता चाळिशीत आले तरी भीती तीच आहे.

मी काय काय केलं ते तू बघितलंस. मागच्या शुक्रवारी सगळ्या बायांसमोर लाज सोडून ओरडले, "यम्मा, माझं चुकलं! मी येतेय, मला सोडत नाहीत!" इकडच्या बायका रडायला लागल्या. तिकडून तू ओरडलास, "ती म्हणते जीव ओवाळते तुझ्यावरून!" खोटारड्या! तिचे ओठ हललेले मला दिसले. जीव ओवाळणारी बाई अशी हनुवटी वर करते का? ती खरं काय म्हणाली ते लिही. नको, लिहू नकोस.

परवाना आण. इकडच्या कचेरीतही मी अर्ज दिलाय. तिथला साहेब म्हणतो, "बाई, तुमची आई तर रोज तारेपाशी भेटते तुम्हाला, मग परवाना कशाला?" हमदानने मला दंडाला धरून बाहेर आणलं म्हणून साहेब वाचला.

इन्शिराह


कॅनडा छावणी
२५ ऑक्टोबर १९८७

नाफिझ,

तू तारेपाशी "मिळाला! परवाना मिळाला!" म्हणून नाचलास, त्या दिवसाइतकी मी लग्नातही आनंदात नव्हते. फाटकापाशी तू मला मिठी मारलीस तेव्हा तुझ्या दाढीत पांढरे केस दिसले. तारेवरून ते दिसत नाहीत. तू माझ्यासाठी कोंबडा कापलास, पोरांना नवे सदरे घातलेस. म्हणून तिथे असताना तुला सांगायला माझी जीभ रेटली नाही. आता सांगते. वाईट आहे, म्हणून पत्रात.

आईने मला ओळखलं नाही.

पहिल्या दिवशी तूच बघितलंस. मी तिच्या पायांशी पडले, हात चुंबले, आणि ती सुबहिय्याला म्हणाली, "पाहुणीला चहा दे." तू हसलास, म्हणालास, थकलीय, उद्या ओळखेल. दुसऱ्या दिवसापासून तू उजाडायच्या आत इस्रायलमध्ये बांधकामावर जायचास आणि दिवेलागणीला यायचास. आल्या आल्या विचारायचास, "आज ओळखलं?" आणि मी म्हणायचे, "हो, दुपारी थोडा वेळ." सुबहिय्या खाली मान घालून भांडी घासायची. तिला रागावू नकोस, मी शपथ घातली होती. तुझं तोंड असं उजळायचं की खोटं बोलणं सोपं जायचं.

मी भाकरी भाजायचे, तिला न्हाऊ घालायचे, वेणी घालायचे. ती म्हणायची, "ही पाहुणी कामाची आहे हं. माझ्या मुलीपेक्षा बरी." आणि दुपारची नमाज झाली की रोज एकच. "चल, मला तारेपाशी ने. माझी मुलगी येऊन उभी असेल."

मीच न्यायचे, नाफिझ. मीच खुर्ची ढकलत न्यायचे. माझं घर मी पहिल्यांदा तुमच्या बाजूने बघितलं. किती बुटकं आहे ते. पलीकडे हमदान आणि लबीब उभे, मला हात करताहेत, आणि आई त्यांच्या आजूबाजूला शोधतेय. मग म्हणायची, "आजही नाही आली. आता तर उभीसुद्धा राहत नाही." मी तिच्या समोर गुडघ्यावर बसले, म्हटलं, "यम्मा, मी इथे आहे. माझ्या तोंडाकडे बघ." तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तू चांगली आहेस ग, पण तू माझी नाहीस."

मग मी ठरवलं, पाहुणी तर पाहुणी. पाहुणी म्हणूनच बोलते, यम्मा नाही, खाला म्हणते, मावशी. एका सकाळी ती माझ्या हातची भाकरी तिखटात बुडवून खात होती. म्हणाली, "माझ्या लेकीची भाकरी अशीच व्हायची, काठ जाड." मी म्हटलं, "खाला, तुमच्या लेकीला मी ओळखते. ती हट्टाने थांबलेली नाही. तुमच्यासाठी रोज रडते. तिला येऊ देत नाहीत."

"कोण येऊ देत नाही?"

"सैनिक."

तिने भाकरी खाली ठेवली. "सैनिक? यिब्नाला सैनिक आले तेव्हा मी तिला कडेवर घेऊन इथपर्यंत चालत आले. वाटेत पाणी नव्हतं, मी तिला काकडीचा रस पाजला. मला सैनिकांनी अडवलं नाही, आणि तिला एवढंसं अंतर येता येत नाही? तू तिची वकील आहेस का?"

मी उठून बाहेर गेले आणि अंगणात विनाकारण झाडत बसले.

निघायच्या दिवशी तिने मला सुकी अंजिरं दिली. म्हणाली, "माझ्या पोरीच्या घरावरून जाशील ना?" मी म्हटलं, जाईन. काही निरोप? तिने खूप विचार केला. मी वाट बघत होते. मग म्हणाली, "काही नाही. तिचं तिला कळायला हवं."

एवढी वर्षं जिच्यासाठी तडफडले, तिच्या मांडीशी बसून आले, आणि दुवा न घेता परत आले. परवाना पुन्हा मिळायचा नाही, मला ठाऊक आहे. अंजिरं कोणाला खाऊ दिलेली नाहीत. मी अशी कशी ग दुर्दैवी, असं स्वतःलाच विचारत फिरते.

तुझी,
इन्शिराह


रफाह
१८ जानेवारी १९८८

ताई,

आधी हे वाच. हे पत्र वाईट नाही. नियम मोडतो आहे, कारण तारेपाशी येणं आता हातात राहिलेलं नाही. डिसेंबरापासून इथे काय चाललंय ते तुला रेडिओवर कळत असेल. पोरं दगड मारतात, लष्कर गल्लीत शिरतं, आणि दिवसच्या दिवस संचारबंदी. मधेच तास दोन तास उठवतात, तेवढ्यात पीठ आणायचं की औषध, हेच समजत नाही. कामावर गेलो नाही त्याला महिना होऊन गेला.

तुझं मागचं पत्र वाचून मी सुबहिय्याशी दोन दिवस बोललो नाही. मग वाटलं, रोज संध्याकाळी मीही तेच ऐकायला यायचो ना. असो.

आता ऐक. गेल्या सोमवारी नळाला पाणी नव्हतं. मी बादली घेऊन दार उघडलं, गल्लीत एक पाऊल टाकलं, आणि समोर सैनिक. बंदूक छातीवर लावली आणि मला मागे ढकलत उंबऱ्याच्या आत आणलं. आई समोरच खुर्चीत बसली होती. तिने सगळं बघितलं. तो गेल्यावर म्हणाली, "पाण्याला जात होतास ना?" मी म्हटलं हो. "आपल्याच दारातून?" हो, यम्मा. "पाऊल टाकू देत नाहीत?" नाही देत.

ती रिकाम्या बादलीकडे बघत राहिली. मला वाटलं विसरली. मग म्हणाली, "मग पोरीला कशी येऊ देतील?"

ताई, मी बादली खाली ठेवली. ती बोलतच होती. "ती पाहुणी खरं सांगत होती. मीच तिला टाकून बोलले. माझ्या लेकीच्या गावची होती, तिच्यासारखीच भाकरी करायची." मग माझी बाही ओढून म्हणाली, "मी तिच्यावर राजी आहे, माझा राग गेला. तिला सांग, मी राजी आहे. नको, तू नको सांगू, तू काहीच्या काही ओरडतोस. मीच सांगते."

आणि तुला माहितेय तिने काय ठरवलंय? पुढच्या वेळी संचारबंदी उठली की तिला तारेपाशी न्यायचं, पाण्याची बाटली बरोबर घ्यायची, आणि तू समोर दिसलीस की ती पाणी पिणार. तुझ्या घरचं पाणी समजून. म्हणाली, "तिच्या दारात जाता येत नाही तर तिच्या डोळ्यांसमोर तरी पिते." बाटली भरून तिने उशाशी ठेवली आहे. पोरांनी हात लावला तर ओरडते.

तेव्हा तू रोज ये. संचारबंदी उठल्याचं मशिदीच्या भोंग्यावरून सांगतात, तो तुमच्याकडे ऐकू येतो. ऐकलंस की हातातलं टाकून ये. भाजी करपली तर करपू दे, हमदानला सवय आहे. फक्त उशीर करू नकोस, तिचा खोकला मला आवडत नाही.

उम्म गालिब उपचारासाठी इकडे आली होती, तिला दवाखान्याच्या गाडीतून परत पाठवताहेत, तिच्याकडे देतो.

नाफिझ


कॅनडा छावणी
११ फेब्रुवारी १९८८

नाफिझ,

तुझं पत्र मिळालं. मी ते उघडलेलं नाही.

उम्म गालिब घरात आली तेव्हा मी पीठ मळत होते. तिने पाकीट पुढे केलं आणि माझ्याकडे बघितलंच नाही, खाटेवर जाऊन डोळे मिटून बसली. तिला गाडी लागली होती असं ती नंतर म्हणाली. म्हणेना का. इतक्या दिवसांची संचारबंदी, आईचा खोकला, आणि अशात तू पत्र पाठवतोस, त्यात काय असणार ते मला वाचून कळायला हवं का? मी किंचाळले. शेजारणी आल्या. त्यांनी पाकीट बघितलं आणि कोणी काही विचारलं नाही.

हमदान म्हणाला, उघडून बघ तरी. मी म्हटलं, काय बघू? कुठला वार होता ते? की ती जाताना काय म्हणाली ते? "मेले तरी दुवा नाही" हे मी एकदा वाचलंय, दुसऱ्यांदा वाचायची माझ्यात ताकद नाही. त्याने उघडायला घेतलं तर मी हातातून ओढून घेतलं. पाकीट पिठाच्या डब्यात तळाशी ठेवलंय. तिथे कोणाचा हात जात नाही.

दारात खुर्च्या मांडल्या, दुखवट्याची बिनसाखरेची कॉफी केली. तीन दिवस माणसं येत होती. अबू सुहैल रोज आला. आता त्याला डोळ्यांनी जवळजवळ दिसतच नाही, लबीबच्या खांद्याला धरून यायचा आणि मुकाट्याने बसायचा. त्याच्याइतकं ह्यातलं कोणाला कळणार?

तू तारेपाशी येत असशील. भोंगा मला ऐकू येतो. ऐकू आला की मी दार लावून घेते, पोरांनाही जाऊ देत नाही. तू खुर्चीशिवाय एकटा उभा असशील आणि वर "सगळं छान आहे" म्हणून ओरडशील, ते मला सोसणार नाही. रागावू नकोस. जरा थांब. मीच येईन.

आईला नीट पुरलंत ना? तिचा यिब्नाचा भरतकामाचा झगा सुबहिय्याने ठेवून घ्यावा, मला नको. मला तिने काही द्यायचं नव्हतं, ते मी घेणार नाही.

इन्शिराह


रफाह
३ मार्च १९८८

लबीब, बाळा, हे पत्र पाकिटाशिवाय पाठवतो आहे. आईला वाचून दाखव. ती नको म्हणाली तरी वाच, कान झाकले तर मोठ्याने वाच. तुझ्या मामाची शपथ आहे.

ताई,

तू कॉफी वाटत होतीस तेव्हा आई जिवंत होती.

मला कसं कळणार होतं? संचारबंदी तासभर उठायची ती पीठ-पाण्यात जायची, आईला नेता येत नव्हतं; मी छपरावरून बघायचो, तू का येत नाहीस म्हणून जीव टांगणीला लागला होता. चौदा फेब्रुवारीला संचारबंदी जरा जास्त वेळ उठवली. पाऊस होता, बोचरा वारा होता. सुबहिय्या म्हणाली, नको नेऊ. पण आईने भोंगा ऐकला होता. बाटली मांडीवर घेऊन तयार बसली. घोंगडीत गुंडाळून नेली. खुर्चीची चाकं चिखलात रुतली, शेवटी मी आणि शेजारच्याने खुर्चीसकट उचलली.

तुमच्या बाजूला कोणी नव्हतं. असल्या पावसात कोण येणार? एकटा अबू सुहैल कुठून तरी भटकत आलेला, काठी टेकत. त्याला आई दिसली नसणार, पण माझा आवाज त्याने ओळखला. मी ओरडलो, "इन्शिराह कुठे आहे?" त्याने उजवा हात छातीवर ठेवला आणि मान खाली घातली. पुन्हा ओरडलो, पुन्हा तसंच. तो बिचारा तारेपाशी वाईट कसं बोलणार? त्याच्यामुळेच तर आपला नियम झाला. तो आईसाठी मान खाली घालत होता, आणि मला वाटलं, तू गेलीस. ताई, तुझं पत्र येईपर्यंत मी तुला मेलेली समजत होतो. सुबहिय्यालाही सांगितलं नाही.

मी तोंड फिरवून उभा होतो. आई म्हणाली, "नाही आली?" मी तिची घोंगडी सारखी करत राहिलो. तिने पुन्हा त्या जागेकडे बघितलं, तू जिथे उभी असायचीस तिकडे. खूप वेळ बघितलं. मग अशी काही खूष झाली, मला कळेचना. म्हणाली, "अरे, बाहेर नाही म्हणजे आत गेली! आपल्याच घरी गेली असेल. आपण वेडे इकडे आणि ती बिचारी तिकडे दाराशी उभी. चल, चल लवकर!"

वाटभर मला घाई करत होती. घरात शिरल्या शिरल्या सुबहिय्याला म्हणाली, "इन्शिराहला वाढलंस का? भुकेली असेल, लांबून आलीय." सुबहिय्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "वाढलं, खाला. जेवून पडलीय आतल्या खोलीत." तेव्हा आईने बाटली उघडली, अर्धं पाणी प्यायली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "तिच्या घरचं पाणी गोड आहे हं. उगाच एवढी वर्षं नाही म्हटलं. निजू दे तिला, उठवू नका."

मग तुला दुवा दिली. हात वर करून, नाव घेऊन, तुझ्या लेकरांची नावं घेऊन, एकही चुकली नाही. मी तिथेच होतो. त्यानंतर चार दिवस तापात होती. डॉक्टर आणायला बाहेर पडू दिलं नाही. शुक्रवारी पहाटे गेली. मध्येमध्ये विचारायची, "उठली का ग?" आणि सुबहिय्या म्हणायची, "अजून नाही." तेवढ्यानं तिचं समाधान व्हायचं.

नीट पुरली. परवानगी घेऊन सहा जण गेलो. झगा तुझा आहे, तसं ती बोलली आहे, तू मुकाट्याने घेणार आहेस.

आता मला राग कोणावर काढावा ते समजत नाही. तुझ्यावर काढायला गेलो तर रडूच येतं. पत्र पाठवायची अक्कल माझीच होती.

भोंगा ऐकलास की ये. मी खुर्ची आणणार नाही, मनाची तयारी करून ये. अर्धी बाटली तशीच आहे, ती आणीन, तुझ्यासमोर मी पितो. अबू सुहैलला काही सांगू नकोस, त्याला सहन होणार नाही.

आणि पिठाच्या डब्यातलं पत्र काढ, ताई. उघड. त्यात आई अजून जिवंत आहे.

नाफिझ